बियॉन्सेच्या गाण्यातलं पेडल स्टील गिटार: मोठ्या कंपन्यांनी सोडून दिलेलं वाद्य मालकांनी कसं टिकवलं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये बियॉन्सेचं ‘सिक्स्टीन कॅरेजेस’ हे गाणं आलं. त्यात मागे एक सूर लांबवर ओढत जातो, माणसाच्या आवाजासारखा हळूहळू चढतो आणि उतरतो. तो सूर रॉबर्ट रँडॉल्फ यांच्या पेडल स्टील गिटारचा. दीड महिन्याने ‘काउबॉय कार्टर’ हा अल्बम आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला ‘अल्बम ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं. त्याच सुमारास पोस्ट मलोनसारखे हिप-हॉपमधून आलेले गायकही कंट्री संगीताकडे वळले होते. त्यामुळे नॅशव्हिलबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसलेलं हे वाद्य तरुण श्रोत्यांच्या रील्समध्ये पोचलं.

पण रील पाहून कुणाला हे वाद्य शिकावंसं वाटलं, तर पहिली अडचण दुकानातच येते. अमेरिकेतल्या बहुतेक वाद्यांच्या दुकानांत पेडल स्टील गिटार नसतंच. साधं गिटार चार-पाच हजार रुपयांतही मिळतं. व्यावसायिक दर्जाचं नवं पेडल स्टील साधारण ४ हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे साडेतीन लाख रुपयांच्या वर जातं. ते एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये ऑर्डर देऊन बनवून घ्यावं लागतं आणि त्यासाठी काही महिने थांबावं लागतं.

तरीही ज्यांच्याकडे ते आहे, ती माणसं त्याच्याबद्दल तासन् तास बोलू शकतात. कोणत्या साली बनलं, कुणी बनवलं, लाकूड कोणतं, कोणत्या गुडघ्याला कोणती लिव्हर, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. बाहेरून बघणाऱ्याला हा श्रीमंतांचा छंद वाटेल. मात्र या वाद्याची रचना बघितली, तर त्या वेडामागचं कारण बऱ्यापैकी व्यावहारिक निघतं.

हे गिटार आहे तरी कसलं?

दिसायला ते गिटारसारखं नाहीच. चार पायांचं अरुंद टेबल असावं तसं ते उभं असतं आणि वादक त्याच्यामागे बसतो. वर आडव्या दहा तारा. डाव्या हातात धातूची जड, गुळगुळीत कांडी. ती तारांवर टेकवून सरकवायची. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. खाली पायाशी तीन किंवा जास्त पेडलं आणि टेबलाच्या पोटाशी लोंबणाऱ्या चार-पाच लिव्हर, त्या गुडघ्याने ढकलायच्या. शिवाय आवाज कमी-जास्त करायला उजव्या पायाखाली वेगळं पेडल असतं. म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे एकाच वेळी कामाला लागतात.

कांडी सरकवून वाजवण्याची पद्धत हवाई बेटांवरची. तिचं श्रेय साधारणपणे जोसेफ केकुकू यांना दिलं जातं. आपल्याकडे ती ‘हवाईयन गिटार’ म्हणून आली. ताऊ मो हे कलाकार १९४० च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिले होते आणि तिथे या वाजवण्याचा प्रसार झाला. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर रागसंगीत आणलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतचा त्यांचा १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आजही ऐकला जातो. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही याच घराण्यातलं वाद्य.

पण भारतात या वाद्याला पेडलं कधी लागली नाहीत, कारण गरज नव्हती. रागसंगीताला मींड हवी असते आणि ती एका तारेवर कांडी सरकवून मिळते. अमेरिकी कंट्री संगीताला एकाच वेळी तीन-चार स्वरांचा मेळ, म्हणजे कॉर्ड, बदलत न्यायचा होता. कांडी सरळ असते. ती सरकवली की सगळे स्वर एकदमच चढतात किंवा उतरतात, एखाद-दुसरा स्वर तेवढा हलवता येत नाही.

पेडलं आली ती त्यासाठी. सर्वांत प्रचलित ‘ई नाइन्थ’ पद्धतीत पहिली दोन पेडलं एकत्र दाबली, तर काय होतं ते आपल्या भाषेत सांगायचं तर असं: सा-ग-प वाजत असताना सा जागचा हलत नाही, ग चढून म होतो आणि प चढून ध होतो. मेळातला एक स्वर स्थिर आणि बाकीचे दोन त्याच्याभोवती सरकत जातात. पेडल स्टीलचा तो ‘रडणारा’ आवाज इथून येतो. १९५४ मध्ये गाजलेल्या वेब पियर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि त्यानंतर नॅशव्हिलमधल्या प्रत्येक स्टील वादकाला तो आवाज हवासा झाला.

कारागिरी लागते ती कुठे?

खरं वाद्य टेबलाच्या खाली असतं. प्रत्येक पेडलापासून निघालेल्या सळ्या पोटाखालच्या खटक्यांमधून जाऊन तारांच्या टोकाला असलेल्या यंत्रणेला खेचतात. खेच किती व्हावी, हे प्रत्येक तारेसाठी वेगळं जुळवावं लागतं. तार नेमकी ठरलेल्या स्वरापर्यंतच चढायला हवी आणि पाय सोडल्यावर नेमकी मूळ जागी परतायला हवी. केसाएवढी ढिलाई राहिली तरी वाद्य बेसूर.

त्यात दहा तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर जातो. पेडल दाबलं की तो आणखी वाढतो आणि लाकडाचा सांगाडा किंचित वाकतो. मग ज्या तारांचा त्या पेडलाशी काही संबंध नाही, त्यांचाही सूर जरासा उतरतो. वादक याला ‘कॅबिनेट ड्रॉप’ म्हणतात आणि वाद्य निवडताना ते आवर्जून तपासतात. हा दोष शून्यावर आणणं जवळपास अशक्य. तो कानाला कळणार नाही इतका कमी ठेवणं हे बनवणाऱ्याचं कसब. त्यासाठी कडक मेपलचं लाकूड, ॲल्युमिनियमचे भाग, सांधे कसे बसवायचे, याची प्रत्येकाची आपली रीत असते. वरून कुणी चकचकीत लॅकर देतं, कुणी चक्क सनमायकासारखा थर लावतं. कोणत्याचा आवाज चांगला, यावर मालकांमध्ये न संपणारे वाद आहेत. त्यातला काही भाग कानाचा आणि काही भाग श्रद्धेचा, हे मान्य करायला हरकत नाही.

‘हातानं बनवलेलं’ हा शब्दही थोडा सैलच आहे. आज अनेक वर्कशॉपमध्ये धातूचे भाग संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर कापले जातात. हाताचं काम उरतं ते जोडणी आणि जुळवणीत. पण तेच निर्णायक असतं, कारण इथे दोन गिऱ्हाईकांना सहसा एकसारखं वाद्य नको असतं. एकाला बडी एमन्स यांच्या क्रमाने पेडलं हवीत, दुसऱ्याला जिमी डे यांच्या उलट्या क्रमाने. कुणाचे पाय लांब, म्हणून वाद्याची उंची वाढवायची. लिव्हरमधलं अंतर वादकाच्या गुडघ्यांवरून ठरतं. साधं गिटार विकत घेतात. हे मात्र सदऱ्यासारखं मापाने शिवून घ्यावं लागतं.

मालक आणि बनवणारा यांचं नातं त्यामुळे विक्रीनंतर संपत नाही. वादकालाही वाद्य उलटं करून सळ्या बदलता याव्या लागतात, कारण गावात ते दुरुस्त करणारा कुणी नसतो. वर्षानुवर्षं एखादं यंत्र स्वतः उघडून जुळवणाऱ्या माणसाला त्याच्याबद्दल बोलायला खूप काही असतं, यात नवल नाही.

मोठ्या कंपन्या का नाहीत?

होत्या. गिब्सनने दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ‘इलेक्ट्राहार्प’ काढलं. फेंडरने १९५७ मध्ये ‘फेंडर १०००’ आणलं, त्यात सळ्यांऐवजी केबल होत्या. पण वादकांच्या मागण्या दर काही वर्षांनी बदलत होत्या. आज एक पेडल, उद्या गुडघ्याची लिव्हर, परवा आणखी एक तार. मोठ्या कारखान्याला एकच नमुना हजारोंनी काढायचा असतो. इथे गिऱ्हाईकं थोडी आणि प्रत्येकाची फर्माईश वेगळी.

त्यामुळे सुधारणा झाल्या त्या वादकांच्या हातून. बडी एमन्स आणि शॉट जॅक्सन या दोन वादकांनी १९५० च्या दशकात नॅशव्हिलमध्ये ‘शो-बड’ सुरू केली. पुढे एमन्स बाहेर पडले आणि १९६३ मध्ये त्यांच्या नावाची वेगळी कंपनी उभी राहिली. तिचं ‘पुश-पुल’ मॉडेल जुळवायला किचकट, तरीही आवाजासाठी आजही शोधून घेतलं जातं. शो-बडचं मूळ उत्पादन १९८० च्या दशकात थांबलं. फेंडरनेही पेडल स्टील सोडलं. मग उरली ती एका-दोघांची वर्कशॉप, बहुतेक अमेरिकेत विखुरलेली.

खरा धोका इथे आहे. अशा वर्कशॉपचं सगळं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात असतं. तो थकला किंवा गेला की ब्रँड बंद होतो. २००० च्या दशकात लोकप्रिय असलेली टेक्सासची ‘कार्टर’ कंपनी अशीच थांबली. काही ठिकाणी पुढच्या पिढीने किंवा जुन्या गिऱ्हाईकाने धंदा हाती घेतला, पण तशी खात्री कुठेच नसते.

अशा बंद पडलेल्या वर्कशॉपची वाद्यं मात्र वाजत राहिली, ती मालकांमुळे. सुटे भाग जपून ठेवणं, जुन्या वाद्यावरून माप घेऊन नवा भाग घडवणं, सळ्यांच्या जोडणीचे तक्ते एकमेकांना देणं, हे काम कोणतीही कंपनी करत नाही. डॅलस परिसरात दरवर्षी स्टील गिटारवाल्यांचा मेळावा भरतो. तिथे वादन होतं, पण नव्या माणसाला निरनिराळ्या बनावटीची वाद्यं एका छताखाली वाजवून बघता येतात, हे त्याहून महत्त्वाचं. पेडल स्टीलची शोरूम म्हणावी तर ती एवढीच.

मग नव्यांनी यायचं कुठून?

याच वेडाची दुसरी बाजू अशी की वर्तुळ बंद होत जातं. जुन्या नामांकित वाद्यांच्या किमती संग्राहक चढवतात. मेळाव्यांत पिकलेले केस जास्त दिसतात. आणि या वर्तुळाच्या बाहेर एक मोठी परंपरा बराच काळ दुर्लक्षित राहिली. अमेरिकेतल्या ‘हाऊस ऑफ गॉड’ या कृष्णवर्णीय पंथाच्या चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून प्रार्थनेला स्टील गिटार वाजतं. त्याला आता ‘सेक्रेड स्टील’ म्हणतात. बाकी जगाला ते कळलं १९९० च्या दशकात. रँडॉल्फ त्याच चर्चमधून आले. तिथे मुलं वाद्य विकत घेऊन नव्हे, तर प्रार्थनेच्या वेळी मोठ्यांच्या शेजारी बसून शिकत आली. बियॉन्सेच्या गाण्यात नॅशव्हिलचं मानलं गेलेलं वाद्य त्यांच्या हातून वाजलं, याला त्यामुळे वेगळा अर्थ आहे.

वाद्याला आणखीही वाटा फुटल्या आहेत. नायजेरियात किंग सनी अडे यांच्या जुजू संगीतात पेडल स्टील चपखल बसलं. बाल्टिमोरच्या सुझन अल्कॉर्न यांनी ते प्रायोगिक संगीतात नेलं, जानेवारी २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं. संगणकावर पेडल स्टीलचा आवाज काढणारी सॉफ्टवेअरही आहेत. पार्श्वभूमीला ती चालतात, पण पाय आणि गुडघ्यांनी सुरांचा मेळ आतून वाकवण्याची गंमत कीबोर्डवर येत नाही.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी काही वर्कशॉप तीन पेडलांची, कमी लिव्हरची साधी मॉडेल बनवतात. ती निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. सेकंडहँड बाजारात तर तीच सर्वांत लवकर जातात. अनुभवी मालक नवख्यांना अशा वेळी दोन गोष्टी विचारायला सांगतात: पेडलांचा क्रम कोणता आहे, आणि याचे सुटे भाग बनवणारा माणूस अजून काम करतो का.