सेदेरच्या रात्री आई कुठे असते?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या घरी पेसाहची, म्हणजे वल्हांडण सणाची तयारी सुरू झालेली असेल. मी बेने इस्राएल समाजातली. कोकणात तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले आम्ही लोक. आमच्यातले बहुतेक जण इस्राएलला गेले. इथे थोडेच उरलो आहोत, त्यामुळे आमचे सण शेजाऱ्यांनाही फारसे ठाऊक नसतात. पण या सणात आपल्या चळवळीने विचार करावा असं काही आहे, म्हणून हे लिहिते आहे.

मिसर देशातल्या गुलामीतून झालेल्या सुटकेची ही आठवण. पहिल्या रात्री घरातच जेवणाभोवती ‘सेदेर’ होतो. सर्वांत लहान मूल विचारतं, आजची रात्र वेगळी का, आज बेखमीर भाकरच का, कडू पाला का? त्याला उत्तर म्हणून मोठी माणसं हगादा वाचतात. ‘मोठ्यांना उलट विचारू नये’ असं मुलींना बजावणाऱ्या आपल्या समाजात, प्रश्न विचारणं हाच जिथे विधी आहे असा सण मला फार मोलाचा वाटतो.

पण हगादातली प्रश्न विचारणारी चार मुलं म्हणजे चार मुलगे. तालमूद सांगतं की मुलाला समज नसेल तर बायकोने विचारावं. म्हणजे तिची पाळी दुसरी. त्याच तालमूदमध्ये, त्या सुटकेत स्त्रियाही होत्या म्हणून चार प्याले त्यांनीही घेतलेच पाहिजेत, असंही आहे. हक्क कागदावर आहे. पण तो बजावायला बाईला बसायला तर मिळायला हवं!

खमिराचा कणही घरात उरू नये म्हणून आठवडाभर डबे, फळ्या, कानेकोपरे घासायचे. आमच्या आज्यांच्या काळी भांड्यांना कल्हई आणि भिंतींना चुनाही असे. 1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादाच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकर करताना दिसतात. मुलं पेंगू नयेत म्हणून रब्बी अकिबा भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटत, असं सांगतात. दिवसभर राबलेली आई पेंगली तर तिला काय द्यायचं? स्वातंत्र्याची गोष्ट सांगितली जात असताना ती आत पानं वाढत असते, आणि मुलं तेही शिकत असतात.

आमच्याकडे मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. आम्ही गोष्ट सुरू करतो ती शिप्रा आणि पुवा या सुईणींपासून. मुलगे जन्मले की मारा, हा फारोचा हुकूम त्यांनी मानला नाही. मग बाळाला लव्हाळ्याच्या पेटीत ठेवणारी आई, पाळत ठेवणारी बहीण मिर्याम, आणि शत्रूच्या घरातली असूनही बाळाला उचलून घेणारी फारोची मुलगी. मोशे नंतर येतो! मुलांना हे सहज पटतं. डबे घासायला दोघंही असतात. विटांच्या चिखलाची आठवण म्हणून केलेलं खजुराचं गोड मुलगा कालवतो. स्वयंपाक नवरा आणि मी मिळून आधीच उरकतो आणि सेदेरला दोघंही बसतो. सासूबाईंना पहिल्या वर्षी हे रुचलं नव्हतं. आता ‘तू का उठतेस?’ असं त्याच मला म्हणतात.

न्यूयॉर्कमध्ये 1976 साली लेखिका एस्थर ब्रोनर आणि त्यांच्या मैत्रिणींनी बायकांचा सेदेर केला. पुढे काही घरांत मिर्यामच्या नावाने पाण्याचा प्याला ठेवू लागले. हे हवंच. पण प्याला वाढला की तो विसळणारे हातही लागतात. गोष्टीत बाई आली आणि मोरीशी मात्र तीच उभी राहिली, तर आपण काय बदललं?

हा प्रश्न फक्त पेसाहचा नाही. गौरी-गणपती असो, ईद असो की नाताळ, सण टाकून द्या असं मी म्हणत नाही. मुलांना सण हवे असतात, आपल्यालाही हवे असतात. पण सणाचं काम कुणाच्या वाट्याला येतं, हे मुलांसमोर मोठ्याने विचारायला हवं. तुमच्या घरी, गटात, वस्तीत तुम्ही काय बदल केलेत? कुठे अडलं? जरूर लिहा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी जागा राखून ठेवली आहे.