स्वस्त व्याज आणि ठेवीदाराचें हित

व्याज उतरलें कीं कर्जदार आनंदतो, ठेवीदार हळहळतो, आणि मधली बँक मात्र सुखांत असते, असा सामान्य समज आहे. आमच्या मतें हा समज साफ चुकीचा आहे.

रिझर्व्ह बँकेनें मे २०२० मध्यें रेपो दर ४ टक्क्यांवर आणिला व मे २०२२ पर्यंत तो तेथेंच ठेविला. कोरोनाच्या आपत्तींत तें आवश्यक होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. जळगांवच्या जिनिंगवाल्यास किंवा धुळ्याच्या व्यापाऱ्यास स्वस्त कर्ज कां नको असेल? परंतु मिळालेल्या व दिलेल्या व्याजांतील अंतरावरच बँकेचा नफा मुख्यतः अवलंबून असतो. कर्जावरील व्याज लवकर उतरतें. मुदतठेवीवर कबूल केलेलें व्याज मात्र मुदत संपेपर्यंत द्यावेंच लागतें. जुन्या रोख्यांच्या किंमती चढून प्रथम नफा दिसतो खरा. पण स्वस्ताईंत घेतलेले दीर्घ मुदतीचे रोखे दर वाढतांच तोट्यांत जातात. मार्च २०२३ मध्यें अमेरिकेंतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, ती मुख्यतः याच फेऱ्यांत सांपडून.

नफा आटला कीं दुर्बल संस्था अधिक व्याज कबूल करणाऱ्या, पण पत नसलेल्या कर्जदाराकडे वळते. इकडे व्याजावर संसार चालविणारा पेन्शनर टक्का-दोन टक्के अधिक मिळतील या आशेनें पतसंस्थेची पायरी चढतो. या मोहाची किंमत खानदेशानें मोजिली आहे. जळगांवची भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्था कोसळून २०१५ सालीं तिजवर अवसायक आला. तेव्हां तर बाजारांत व्याज स्वस्तही नव्हतें. मग स्वस्ताईंत हा मोह किती बळावेल? बँकेंतील ठेवीस ५ लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे; पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं, हें किती जणांस ठाऊक आहे?

२०२५ सालीं फेब्रुवारी ते जून या काळांत रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आला. तेव्हां हा विचार आजचाच आहे. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक सहकारी बँकेनें व पतसंस्थेनें आपली थकबाकी, मोठ्या कर्जदारांकडील रकमेचें प्रमाण व व्याजांतील अंतर दर तिमाहीस शुद्ध मराठींत दारावर लावावें, अशी आमची मागणी आहे. कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. सभासदांनीं वार्षिक सभेंत तसा ठराव करावा. सभासद सभेस केवळ चहापुरता जाईल, तर संचालकांस जाब कोण विचारणार? पैसा आपला आहे. पहाराही आपणच केला पाहिजे.