पाण्याचा काटा आणि तेलाचा ताप

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या पियाजिओच्या कारखान्यात एप्रिलिया आरएस ४५७ ही मोटारसायकल तयार होते. दोन सिलिंडर, ४५७ सीसी आणि ४७ अश्वशक्तीहून थोडी अधिक ताकद असलेली ही गाडी २०२३ मध्ये बाजारात आली. गाळप हंगामात याच तालुक्यातून आणि शेजारच्या इंदापुरातून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर आणि बिजवडीच्या कारखान्यांकडे दिवसरात्र जात असतात. पाटस-बारामती-इंदापूर पालखी महामार्ग चौपदरी झाल्यापासून टर्बो पेट्रोल मोटारींचा वेगही वाढला आहे. या सगळ्या इंजिनांवर एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या उन्हात जो ताण येतो, तो पाण्यापेक्षा आधी तेलावर येतो. आणि बहुतेक चालकांना तेलाचे तापमान कधी दिसतच नाही.

गाडीच्या डॅशबोर्डवर जो तापमानाचा काटा असतो तो कूलंटचा, म्हणजे पाण्याचा. तो मध्यावर असला की इंजिन ठीक आहे असे आपण धरून चालतो. पण रेडिएटर आणि थर्मोस्टॅट मिळून पाण्याला ९० अंशांच्या आसपास बांधून ठेवत असतात. तेलाला असा पहारेकरी बऱ्याच गाड्यांत नसतो. तेल पिस्टनच्या पोटाखाली फवारले जाते, क्रँकच्या बेअरिंगमधून पिळून निघते, टर्बोच्या दांड्याभोवती फिरते आणि मग इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरते. शिवाय तेलाची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या निम्मीच. त्यामुळे पाणी ९० वर स्थिर असताना तेल १२५ वर पोहोचलेले असू शकते आणि काटा जागचा हलत नाही.

साधारणपणे चेंबरमधले तेल ९० ते ११० अंशांवर असावे. शर्यतीच्या ट्रॅकवर ते १२० ते १३० पर्यंत जाते आणि चांगले सिंथेटिक तेल ते काही वेळ सोसते. १३० च्या वर ते सतत राहू लागले तर मात्र काळजी करायलाच हवी. १०० अंशांवरचे तेल १३० वर गेले की त्याचा घट्टपणा जवळपास निम्म्यावर येतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये काही मायक्रॉन जाडीचा तेलाचा थर असतो आणि धातू धातूला लागू न देण्याचे काम तोच करतो. बेअरिंगच्या आतले तापमान चेंबरपेक्षाही जास्त असते, म्हणून तेलाची कसोटी १५० अंशांवर घेतली जाते. त्या तापमानाला आणि मोठ्या घर्षणात ५डब्ल्यू-४० तेलाचा घट्टपणा निदान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असावा लागतो, ३० ग्रेडला २.९ चालतो. डब्यावरच्या आकड्यांना खरा अर्थ असतो तो इथे.

दुसरे नुकसान सावकाश होते. तेल तापेल तसा त्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग वाढतो. दर दहा अंशांना हा वेग साधारण दुप्पट होतो, असा तंत्रज्ञांचा जुना ठोकताळा आहे. तेल काळे पडते, आंबते, चिकट गाळ धरते, पिस्टनच्या रिंगा अडकतात. टर्बोच्या गाडीत आणखी एक धोका असतो. लांब पल्ला जोरात मारून आल्यावर इंजिन तडकाफडकी बंद केले, की टर्बोमधला तेलाचा प्रवाह थांबतो, पण लाल झालेल्या धातूची धग थांबत नाही. आतले तेल जळून कोळसा होते. नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा पंप अनेकदा असतो, तरीही घराच्या किंवा ढाब्याच्या अलीकडचा एखादा किलोमीटर संथ चालवणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

आता ट्रॅक्टरकडे वळू, कारण आपल्या भागात या प्रश्नाची खरी झळ तिथेच बसते. शर्यतीच्या मोटारीला निदान समोरून वारा मिळतो. दोन ट्रॉल्यांचा ऊस घेऊन चढाला लागलेल्या ट्रॅक्टरचा वेग सायकलीइतका असतो आणि इंजिनावरचा भार पुरा. थंडावा मिळतो तो फक्त पंख्याचा, तोही रेडिएटरच्या जाळीत पाचट, धूळ आणि उसाची कुसे अडकलेली नसतील तर. पाण्याचा काटा वर सरकला की चालक थांबतो, टाकीतले पाणी मारतो आणि पुढे जातो. त्याआधी तेल किती वेळ तापत होते याची खूण मागे राहत नाही. हंगाम संपता संपता इंजिन धूर ओकू लागते, तेल पिऊ लागते, आणि दोष कंपनीला किंवा नशिबाला दिला जातो. आमच्या मते यातली पुष्कळशी इंजिने दोन गोष्टींनी वाचली असती: रोज रात्री जाळी आतून बाहेर फुंकून काढणे, आणि तेल हंगामाच्या हिशेबाने न बदलता तासांच्या हिशेबाने बदलणे. पुस्तिकेत दिलेले तास साधारण कामासाठी असतात. अखंड ओढीच्या कामाला ते कमीच करावे लागतात.

यावर गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘जाड तेल घाला’. तो अर्धाच बरोबर आहे. ट्रॅकवर किंवा अति उन्हात सतत भार असेल, आणि कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल, तर ३० ऐवजी ४० ग्रेड घेणे योग्यच. पण पुस्तिकेबाहेर जाऊन जाड तेल भरले तर ते अरुंद वाटांतून हळू फिरते, घुसळले जाऊन स्वतःच जास्त तापते, आणि डिसेंबरच्या पहाटे इंजिन सुरू होताना वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. तेल खुणेच्या वर भरणेही तितकेच वाईट. क्रँक त्याला फेस आणतो आणि फेसाळलेले तेल ना थंडावा देते ना दाब धरते. पातळी खाली गेली तर उरलेले थोडे तेल जास्त फेऱ्या मारते आणि जास्त तापते. मोटारसायकलवाल्यांसाठी वेगळी सूचना अशी की बहुतेक गाड्यांत एकच तेल इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिघांना पुरवते. मोटारीचे तेल त्यात घातले तर क्लच घसरू शकतो.

खरा उपाय ऑइल कूलर. एक प्रकार पाण्यावर चालतो: तो सकाळी तेलाला लवकर ऊब देतो आणि नंतर थंड ठेवतो, पण पाण्याच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. दुसरा वाऱ्यावर चालतो आणि ट्रॅकसाठी जास्त प्रभावी ठरतो. बाहेरून बसवायचा असेल तर थर्मोस्टॅट असलेलाच घ्यावा. तेल १०० अंशांपर्यंत तापलेच नाही तर त्यात साचलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि अति थंड तेलही इंजिनाला खातेच. होज चांगल्या प्रतीचे हवेत, कूलरने रेडिएटरचा वारा अडवता कामा नये, आणि खडी उडणाऱ्या रस्त्यावर त्याच्यापुढे जाळी हवी. होज फुटला तर काही सेकंदांत चेंबर रिकामा होतो. वॉरंटीतल्या गाडीला हात लावण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारावे. रोज बारामती-पुणे करणाऱ्याला या खर्चाची गरज नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. महामार्गावरची वेगमर्यादा पाळणाऱ्या निरोगी मोटारीचे तेल धोक्याच्या पातळीला सहसा जात नाही. ते जात असेल तर आधी बिघाड शोधा.

बारामतीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकणाऱ्या मुलामुलींना तेलाचा काटा वाचणे पहिल्या धड्यांपासूनच शिकवले जाते. सेस्ना १७२ या सरावाच्या विमानात तेलाचे तापमान आणि दाब असे दोन्ही काटे समोर असतात आणि सुमारे ११८ अंशांवर लाल रेघ असते. चाकणमध्ये २०२२ पर्यंत बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोच्या पडद्यावरही तेलाचे तापमान दिसत असे. म्हणजे हे तंत्र महागडे किंवा परके नाही; एक सेन्सर आणि पडद्यावर एक ओळ एवढेच लागते. तरीही लाखो रुपयांच्या किती तरी मोटारी आणि बहुतेक ट्रॅक्टर फक्त दाबाचा लाल दिवा देऊन मोकळे होतात. तो दिवा दाब जवळजवळ संपल्यावर लागतो. तोपर्यंत बेअरिंग घासायला लागलेले असते.

मोटार आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांनी टर्बो आणि भारवाहू इंजिनांवर तेलाचे तापमान दाखवणे सक्तीचे नसले तरी आपणहून सुरू करावे. साखर कारखान्यांनी वाहतुकीचे करार करतानाच ट्रॅक्टरची तेल आणि रेडिएटर तपासणी करून घ्यावी. हंगामात रस्त्यात बंद पडलेला एक ट्रॅक्टर मागच्या रांगेचेही नुकसान करतो. आणि चालकांना एवढीच विनंती, की तेलाचा लाल दिवा लागला तर ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ असे म्हणू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन तिथेच बंद करा आणि ओढून न्या.