कामांचा अहवाल येतो, कायद्यांचा कां येऊं नये ?

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांस वजनदार प्रतिनिधींची वाण कधींच पडली नाहीं. २००४ पासून २०१४ पर्यंत केंद्राचें कृषिखातें बारामतीच्या श्री. शरद पवार यांचेकडे होतें. त्याच सुमारास कांहीं वर्षें राज्याचें सहकारखातें इंदापूरचे श्री. हर्षवर्धन पाटील यांनीं सांभाळिलें, आणि २०२५ सालीं राज्याचें कृषिखातें इंदापूरचेच श्री. दत्तात्रय भरणे यांचेकडे आलें. असा योग फार थोड्या तालुक्यांच्या वांट्यास येतो. तरीही आमच्या मालाचा भाव ठरविणारा हुकूम निघाला, ही वार्ता आम्हांस अडत्याच्या तोंडून, आणि तीही लिलाव पुकारला जात असतां कळावी, हें चमत्कारिक नव्हे काय ?

प्रतिनिधी कांहींच कळवीत नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. निवडणूक जवळ आली म्हणजे गुळगुळीत कागदावर छापलेला कार्य-अहवाल घरोघर येतो. किती किलोमीटर रस्ता झाला, कोणत्या वाडीस सभामंडप मिळाला, कोठें पूल झाला, हें सर्व त्यांत सचित्र असतें. हीं कामें व्हावयास पाहिजेत, याविषयीं वाद नाहीं. परंतु विधानसभेच्या व लोकसभेच्या सभासदास आपण निवडून देतों तें मुख्यत्वेंकरून कायदे करण्यास. त्या कामाचा एकही रकाना अहवालांत असूं नये, हें आम्हांस खटकतें.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आयुष्य घालविलें. त्या खात्याचे दोष आम्हांस ठाऊक आहेत, पण एक गोष्ट तेथें चांगली आहे. गुंठाभर जमिनीचा फेरफार नोंदवावयाचा असला, तरी तलाठ्यास नोटीस काढून चावडीवर डकवावी लागते, हितसंबंधितांस बजावावी लागते, आणि हरकतीसाठीं पंधरा दिवस थांबावें लागतें. (डकविलेली नोटीस कोणी वाचीत नाहीं व पावसांत ती भिजून जाते, तो भाग निराळा.) उलट साऱ्या देशाच्या शेतमालाचा बाजार बदलूं पाहणारे वटहुकूम ५ जून २०२० रोजीं निघाले आणि त्याच दिवशीं लागूं झाले. सप्टेंबरांत त्यांचे कायदे झाले, १२ जानेवारी २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस स्थगिती दिली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्यें ते रद्दही झाले. दीड वर्षांत कायद्याचा जन्म, जिणें व मरण हीं तिन्ही आटोपलीं. या सर्व काळांत आमच्या वाडीवस्तीवर घोषणा तेवढ्या पोंचल्या. कलमें पोंचलीं नाहींत.

आमच्या राज्यांत तर गोंधळ आणखीच मोठा झाला. ऑगस्ट २०२० मध्यें पणन संचालकांनीं त्या वटहुकुमांची अंमलबजावणी करण्याचा आदेश काढिला, आणि सप्टेंबर सरतां सरतां राज्य सरकारनें त्यासच स्थगिती दिली. आतां गंमत अशी कीं, ज्या गोष्टीवरून एवढें रण माजलें ती आपल्याकडे पुष्कळ अंशीं आधींच होती. १९६३ च्या बाजार-कायद्यांत दुरुस्ती होऊन खाजगी बाजारांस व थेट खरेदीस वाट मोकळी झालेली होती, आणि जुलै २०१६ पासून फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून वगळला गेला होता. म्हणजे इंदापूरचा डाळिंबवाला आपला माल बांधावरच विकूं लागला त्यास चार वर्षें लोटलीं होतीं. हें त्यास कोणीं समजावून सांगितलें असतें, तर त्यानें आपल्या अनुभवावरून मत बनविलें असतें. व्यवहार फायद्याचा झाला कीं तोट्याचा, पैसे बुडाले कीं वेळेवर मिळाले, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक? डिसेंबर २०२० मध्यें श्री. पवारांनीं केंद्रीय मंत्री असतां २०१० व २०११ सालीं मुख्यमंत्र्यांस लिहिलेलीं पत्रें प्रसिद्धीस आलीं. बाजार-कायद्यांत सुधारणा करावी, असा त्यांचा आशय होता. त्यावरून एका पक्षानें त्यांस दूषण दिलें, दुसऱ्यानें त्यांचा बचाव केला. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्या पत्रांची मराठी नक्कल तेव्हांच आमच्या विकास सोसायट्यांच्या फळ्यावर लागावयास पाहिजे होती. त्या वेळीं ते माढ्याचे खासदार होते हें खरें, पण त्यांचें गांव तर बारामतीच.

कायद्याची निदान सभागृहांत चर्चा तरी होते. अधिसूचनेस तीही नाहीं. ७ डिसेंबर २०२३ रोजीं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई झाली (ती आठवड्याभरांत कांहींशी सैल करण्यांत आली), आणि दुसऱ्याच दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत असें जाहीर होतें. त्या तारखेवर भरंवसा ठेवून ज्यांनीं उन्हाळ कांदा राखून ठेवण्याचा बेत केला, त्यांस २२ मार्चच्या हुकुमानें कळून आलें कीं बंदीस आतां मुदतच उरली नाहीं. ती उठली ४ मे रोजीं, आणि तीही शेंकडा ४० निर्यात-शुल्क लादून. बारामती मतदारसंघाचें मतदान ७ मे रोजीं होतें, हा योगायोग वाचकांनीं आपल्या मनाशीं तपासून पाहावा. ज्याच्या चाळींत माल पडून होता त्यास मार्च महिन्यांत कोणीं "मुदत वाढण्याचा संभव दिसतो, विकणें तें विचार करून विका" एवढें एक वाक्य कळविलें असतें, तर त्याचें मोल एखाद्या सभामंडपाहून कमी नव्हतें.

उसाचीही तीच कथा. २०१७-१८ च्या हंगामांत रास्त व किफायतशीर दर क्विंटलास २५५ रुपये होता, तो पुढील हंगामांत २७५ झाला. वीस रुपये वाढले म्हणून फलक लागले. परंतु पहिला दर शेंकडा ९·५ उताऱ्यास होता आणि दुसरा १० उताऱ्यास. जुन्या हिशेबानें १० उताऱ्यास २६८ रुपये ४० पैसे पडतच होते, तेव्हां खरी वाढ झाली ६ रुपये ६० पैशांची. हें गणित मराठी चौथीचा मुलगा करील, मात्र त्यास दोन्ही आंकडे कोणीं तरी दिले पाहिजेत. पुढें २१ फेब्रुवारी २०२२ रोजीं राज्य सरकारनें हा दर दोन हप्त्यांत देण्याची मोकळीक साखर कारखान्यांस दिली. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो कीं चौदा दिवसांत पैसे द्यावे, न दिल्यास दरसाल शेंकडा १५ व्याज द्यावें. अखेर मुंबई उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तो हप्त्यांचा निर्णय रद्द केला. मध्यंतरीच्या तीन हंगामांत माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर वा बिजवडीच्या किती सभासदांस ठाऊक होतें कीं, व्याजाचा हक्क आपणांस कायद्यानेंच दिलेला आहे ?

कोणी म्हणतील, आतां मोबाइल आला, सारें त्यावर दिसतें. दिसतें खरें, पण वाढदिवस, उद्घाटनें व सत्कार हींच फार दिसतात. अधिसूचना इंग्रजींत असते, व्यापारी ती संध्याकाळपर्यंत उलगडून घेतो, आणि सकाळीं आपला माल त्याच्यासमोर उभा असतो. दुसरे म्हणतील, १९८५ च्या पक्षांतरबंदीपासून सभासदाचें मत त्याचें स्वतःचें राहिलें नाहीं, तेव्हां तो काय कळविणार ? पक्षादेश मतदानापुरता असतो. मसुद्यांत काय आहे हें सांगण्यास कोणीं मनाई केलेली नाहीं. अमेरिकेंत काँग्रेसच्या सभासदास आपल्या मतदारांस टपालहंशिलाविना पत्रें धाडण्याची सवलत अठराव्या शतकांत सुरू झाली. तिचा उपयोग पुष्कळ जण स्वतःची टिमकी वाजविण्यास करितात, तरी ती रीत आजही चालू आहे.

आम्ही स्वतः जुन्या वळणाचे आहों. जी व्यवस्था बापजाद्यांपासून चालत आली ती नवी कसास लागल्याविना मोडूं नये, असें मानणारा प्रतिनिधी आम्हांस अधिक रुचतो. परंतु अशा प्रतिनिधीवर तर कळविण्याची जबाबदारी दुप्पट आहे. बदलास विरोध करावयाचा आणि जुन्यांत राखण्याजोगें काय, तें मात्र सांगावयाचें नाहीं, याचा अर्थ लोक असा घेतात कीं यांचें कांहीं तरी अडकलेलें आहे. आणि पुष्कळदां तो अर्थ खोटा नसतो.

मागणी मोठी नाहीं. दर महिन्यास एक दुपानी कागद, मराठींत, प्रत्येक गांवच्या विकास सोसायटींत व चावडीवर यावा. अधिवेशनांत शेतीसंबंधीं कोणते मसुदे आले, आपण कोणत्या बाजूस मत दिलें व कां, कोणत्या हुकुमाची मुदत केव्हां संपते, एवढें त्यांत असावें. नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाचा निर्णय सल्लागार समितींत झाला म्हणजे त्याच्या तारखाही त्याच कागदावर याव्या; कारण वरच्या बारामतीकरास पाणी आलेलें डोळ्यांनीं दिसतें, शेपटाकडील इंदापूरकरास तें वाट पाहून समजतें. कागदावर छायाचित्र नसलें तरी चालेल.

या मासिकाच्या चालकांस आमची विनंती आहे कीं, दोन्ही तालुक्यांच्या आमदारांस व खासदारांस संस्थेच्या नांवें हें मागणीपत्र धाडावें, आणि जें उत्तर येईल तें कानामात्रेचाही फेर न करितां येथें छापावें. पहिला प्रश्न आम्ही सुचवितों : मार्च २०२५ च्या निकालापूर्वींच्या तीन हंगामांत ज्यांस चौदा दिवसांनंतर पैसे मिळाले, त्यांच्या व्याजाची वसुली करण्याविषयीं आपण सभागृहांत काय विचारिलें, व त्यास काय उत्तर मिळालें ?