दिवा विझविला म्हणजे धूर गेला असे नव्हे



उसाच्या अंकात मोटारीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण हंगाम तोंडावर आला की आमच्या खात्याची जीप आणि तुमच्यापैकी अनेकांच्या गाड्या जव्हार-मोखाड्याकडे धावू लागतात. मुकादमाला गाठायचे, उचल ठरवायची, टोळी किती कोयत्यांची ते पक्के करायचे. त्र्यंबकेश्वर सोडले की तोरंगणचा घाट लागतो. जाताना उतार, येताना चढ. गाडीतला खरा दोष त्या चढावर उघडा पडतो.

गेल्या वर्षी आमच्यावर तोच प्रसंग आला. खात्याकडे भाड्याने असलेली बीएस-६ डिझेल जीप. मोखाड्याहून परतताना घाटात ओढ कमी झाली आणि समोरच्या फळीवर पिवळा एंजिनाचा दिवा लागला. पीयूसीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, काळजी नको, बॅटरीची वायर काढून लावतो." वायर काढली, लावली, दिवा गेला. वाटेत एका ठिकाणी पीयूसी काढली. धुराच्या नळकांड्यात नळी नीट गेली की नाही, हे आम्ही पाहिले नाही. पाहायला हवे होते. कागद मिळाला आणि आम्ही खूष झालो. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर!

मेकॅनिकने यंत्र लावून जे सांगितले ते आम्हाला नवीन होते. आजच्या गाडीत एक संगणक असतो. तो स्वतःच धुराशी संबंधित भागांची तपासणी करीत राहतो. इंधन नीट जळते का, वायू परत फिरविणारी झडप चालते का, काजळी अडविणारी जाळी तुंबली का, पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतो का. या प्रत्येक तपासणीला मॉनिटर म्हणतात. वायर काढली किंवा यंत्राने नोंद पुसली की पुष्कळ गाड्यांत सगळे मॉनिटर 'अपूर्ण' होतात. म्हणजे दिवा विझला तो दोष गेल्यामुळे नव्हे, गाडी विसरली म्हणून. आमच्या जीपमध्ये हवेचा एक होज फाटलेला निघाला. दुरुस्ती तासाभराची होती.

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात धुराच्या तपासणीत हे मॉनिटरही वाचतात. ठराविकापेक्षा जास्त अपूर्ण असले तर गाडी परत पाठवितात. आधी चालवून आणा म्हणतात. आपल्याकडची पीयूसी फक्त बाहेर पडणारा धूर मोजते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११५ वा नियम तो. डिझेलला एक्सलरेटर दाबून धुराचा दाटपणा पाहतात. जुन्या गाडीला मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. बीएस-४ व पुढच्या गाड्यांचा कागद बारा महिने चालतो, जुन्यांचा सहा. आमचे मत असे की आपल्याकडेही नव्या गाड्यांचे मॉनिटर वाचले पाहिजेत. त्रास होईल, रांगा लागतील, हे कबूल. पण वायर काढून लावण्याचा खेळ तरी बंद होईल.

तुम्ही म्हणाल, दंड वाचला ना? वाचला खरा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. पण काळ्या धुरात न जळलेले डिझेल जाते, आणि ते पैसे कोणी परत देत नाही. शिवाय चढावर मागे बसलेल्या टोळीतल्या बायका-पोरांच्या छातीत तो धूर जातो, त्याचा हिशोब कोणत्या वहीत मांडायचा?

आम्ही तुम्हाला नेहमी सांगतो की खत टाकल्यावर लगेच मातीचा नमुना घेऊ नका. आकडा येतो, पण तो जमिनीचा नसतो, पोत्याचा असतो. गाडीचेही तेच. आधी दोष काढा, मग नोंद पुसा, मग गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवा, आणि शेवटी तपासणीला न्या.

नेहमीसारखी म्हणजे कशी, हे मात्र घाटातल्या माणसाने समजून घ्यावे. रात्रभर उभी राहून थंड झालेली गाडी सुरू करावी लागते. मग थोडी रहदारी, आणि त्यानंतर सपाट रस्त्यावर एकाच वेगाने दहा-पंधरा मिनिटे. हे शेवटचे जव्हार-मोखाड्यात जमत नाही. वळणावळणाला गिअर बदलावा लागतो. खोडाळ्याच्या बाजूला तर विचारूच नका. म्हणून त्र्यंबकहून नाशिककडे येताना सपाटीवर, किंवा तिकडून चारोटीला अहमदाबाद रस्त्यावर उतराल तेव्हा, गाडी एका लयीत चालू द्या. काजळीची जाळी साफ व्हायलाही तोच रस्ता लागतो. नुसते गावात फिरून ती तुंबते. पेट्रोल गाडीची टाकी त्या दिवसांत काठोकाठ भरू नका, तळालाही नेऊ नका, कारण टाकीच्या वाफेची तपासणी मधल्या पातळीवरच होते.

जुन्या गाडीला हे काही नाही. तिला एअर फिल्टर झाडा, नॉझल तपासून घ्या, पंपाच्या सीलला हात लावू देऊ नका, आणि तपासणीला नेताना एंजिन गरम असू द्या.

ज्यांच्या गाडीचा पिवळा दिवा लागलेला आहे त्यांनी टोळी आणायला निघण्यापूर्वी गट कार्यालयात कळवावे. मेकॅनिक शनिवारी सकाळी आमच्याकडे यंत्र घेऊन येतो, तो नोंद वाचून देईल. येण्यापूर्वी कृपा करून बॅटरीची वायर काढू नये.