बॉलरला कळल्यानंतर

आमच्या मेसमधली भाजी कधीमधी बदलते, पण जेवणानंतरचा वाद काही बदलत नाही. खरा ग्रेट बॅट्समन कोण? सबमिशन उद्यावर आलेलं असतं, फाईल कुणाचीच पूर्ण नसते, तरी रात्री साडेबारापर्यंत कॉरिडॉरमध्ये सचिन, द्रविड, कोहली चालूच. तिथे मला कोणी बोलू देत नाही (हॉस्टेलच्या टीममध्ये मी अकराव्या नंबरला येतो, म्हणून असेल), तेव्हा इथे लिहितोय.

आधी ॲव्हरेजवाले. ही जमात इंजिनिअरिंगला जास्त, कारण आकडा दिसला की आपल्याला बरं वाटतं. त्यांना माझा एकच प्रश्न. टेस्टमध्ये सचिनचं ॲव्हरेज ५३.७८ आणि विनोद कांबळीचं ५४.२०. मग? १९९३ मध्ये कांबळीने लागोपाठच्या दोन टेस्टमध्ये २२४ आणि २२७ काढले होते. पण आखूड टप्प्याचा, अंगावर येणारा बॉल त्याला जड जातो हे हळूहळू सगळ्यांना समजलं. कारणं आणखीही असतील, पण १९९५ नंतर तो टेस्ट खेळला नाही. १७ टेस्टमध्ये सगळं संपलं. सचिन २०० खेळला. कांबळीकडे हुनर कमी होता असं म्हणायची निदान माझी तरी हिंमत नाही.

नवीन असताना बॉलरला आपण माहीत नसतो. मग व्हिडिओ बघून बघून तुमची खोड सगळ्या जगाला पाठ होते. तिथून पुढे जो रन काढतो तो ग्रेट, एवढंच माझं म्हणणं.

२००३-०४ चा ऑस्ट्रेलिया दौरा घ्या. सिडनीच्या आधी सचिनचे स्कोअर ०, १, ३७, ०, ४४. ऑफ स्टंपबाहेरच्या बॉलला बॅट लावायला जाऊन विकेट जात होती. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला त्याने काय करावं? कव्हर ड्राईव्हच बंद! जो शॉट बघायला लोक तिकीट काढायचे तो शॉट. बॉलर बाहेर टाकतायत, आणि हा गडी सोडून देतोय. शेवटी कंटाळून त्यांनी सरळ टाकलं की लेग साईडला फटका. दहा तासांच्या वर खेळून नाबाद २४१. दिसायला ती काही त्याची सुंदर इनिंग नव्हती, पण स्वतःचा सगळ्यात लाडका शॉट कपाटात ठेवून कुलूप लावायचं म्हणजे चेष्टा नाही राव. आपल्याला परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाईल ठेवता येत नाही.

कोहलीचंही तेच. २०१४ ला इंग्लंडमध्ये दहा इनिंगमध्ये १३४ रन, अँडरसनसमोर पार कचरा. २०१८ ला तिथेच ५९३, आणि अख्ख्या सिरीजमध्ये अँडरसनला त्याची विकेट एकदाही मिळाली नाही.

इथे ‘मॅच जिंकून दिली का?’वाले उठतात. नाही दिली. एजबॅस्टनला कोहलीने २७४ पैकी १४९ काढले आणि आपण ३१ रननी हरलो. चेन्नईला १९९९ मध्ये पाठ धरलेली असताना सचिनने १३६ काढले, तो आऊट झाला तेव्हा १७ हवे होते आणि तीन विकेट हातात होत्या. हरलो १२ रननी. गावसकरांची शेवटची टेस्ट, बंगलोर १९८७, बॉल हातभर वळत होता, त्यात ९६. तिथेही १६ रननी हरलो. ग्रुप प्रोजेक्टमध्ये बाकीच्या तिघांनी काही केलं नाही म्हणून चौथ्याला नापास करायचं हा कुठला न्याय? तरी कॉरिडॉरमध्ये टाळ्या त्याच मुद्द्याला मिळतात.

आता माझीच पंचाईत सांगतो. सेहवाग. त्याचे पाय हलत नाहीत हे शाळेतल्या पोरालाही माहीत होतं. त्याने काय बदललं? काहीही नाही! २००४ ला मुलतानमध्ये ३०९, २००८ ला चेन्नईत ३१९, आणि त्याच वर्षी गॉलला, मेंडिसचा बॉल भल्याभल्यांना कळत नसताना, टीमच्या ३२९ मध्ये याचे एकट्याचे नाबाद २०१. माझ्या थिअरीत हा माणूस कुठे बसवायचा ते मला अजून सापडलेलं नाही. रूममेटला हे पक्कं ठाऊक आहे. मी लाईट बंद केला की पलीकडच्या कॉटवरून हळूच आवाज येतो, “आणि सेहवाग?”