पेटीचा भाता, कॅमेऱ्याचा भाता

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरून काय काय खाली येईल, सांगता येत नाही. तांब्याचा बंब येतो, पितळी डबे येतात, आणि एखाद्या घरी जुन्या धोतरात गुंडाळलेला, तीन पायांच्या स्टँडवर बसणारा लाकडी कॅमेराही येतो. आजोबा कधीकाळी फोटो स्टुडिओ चालवत, एवढेच घरात ठाऊक असते. मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका. दुसरा म्हणतो, चकचकीत पॉलिश करू, आत दिवा बसवू, दिवाणखान्याला शोभा येईल. वाचकहो, कॅमेरा या दोन्ही वाटांनी संपतो, फक्त दुसरीत तो कौतुकाने संपतो. तिसरी वाट मात्र फारसे कोणी सुचवत नाही. ती म्हणजे, त्याच्याकडून पुन्हा एक फोटो काढून घेण्याची.

ही वाट वाटते तितकी अवघड नाही, कारण या कॅमेऱ्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसतेच. पुढे भिंग, मागे धूसर काच आणि मधे घड्यांचा भाता. भिंगातून आलेले चित्र काचेवर उलटे उमटते, डोके खाली आणि पाय वर. ते अंधुक चित्र दिसावे म्हणून छायाचित्रकार काळ्या कापडाखाली शिरत असे. चित्र रेखीव होईपर्यंत भाता पुढे-मागे करायचा, काचेच्या जागी प्लेट भरलेली स्लाइड सरकवायची, भिंगाचे टोपण काढायचे आणि पुन्हा लावायचे. झाला फोटो! फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांची काच. बाकी सारे सुतारकाम, पितळकाम आणि भाता.

म्हणूनच आपल्या कारागिरांना हे यंत्र कधी परके वाटले नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर जन्माने मेस्त्री घराण्यातले. त्यांनी चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. पण सर्वांत बोलकी गोष्ट आहे केरळातील अलप्पुळाची. १९४०च्या दशकात तिथे एका छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचा भाता फाटला. तो घेऊन तो कोणाकडे गेला असेल? वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कुंजु कुंजु भागवतर यांच्याकडे! त्यांचे चिरंजीव के. करुणाकरन यांनी तो भाता दुरुस्त केला आणि पुढे अख्खा कॅमेराच बनवला. सागवानी लाकूड आणि पितळी जोडकाम असलेला हा ‘वागीश्वरी’ कॅमेरा देशभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. पुढे फिल्म रोलचे छोटे कॅमेरे आले आणि लाकडी कॅमेऱ्यांची मागणी आटली.

घरात असा कॅमेरा नसेल आणि विकत घ्यायचा असेल, तर मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार धुंडाळता येतो. पण सावध! शोभेसाठी बनवलेले नवे लाकडी कॅमेरे ‘ॲण्टिक’ म्हणून गळ्यात मारले जातात. ओळखण्याची खूण सोपी आहे. कॅमेरा उजेडाकडे धरून मागच्या काचेवर चित्र उमटते का पाहा. उमटत नसेल तर भाव विचारू नका. स्लाइड सोबत आहेत ना, हेही बघा. त्या पुन्हा मिळणे महाकठीण. आणि स्लाइडमध्ये किंवा डब्यात जुन्या काचेच्या प्लेटा सापडल्या, तर काच समजून धुऊ नका. त्या पातळ थरावर कोणाचा तरी चेहरा असतो आणि तो पाण्याने कायमचा जाऊ शकतो.

आता दुरुस्ती. पहिला नियम, घाई नको. स्क्रू काढाल तर कुठला कुठे होता, त्याचे चित्र कागदावर काढून ठेवा. लाकडाला पॉलिशपेपर लावू नका. सरकत्या पट्ट्या झिजल्या की फटीतून उजेड शिरतो. मऊ ब्रशने धूळ काढून मेणाचा पातळ हात पुरे. पितळ घासून लखलखीत करण्याचा मोहही टाळा, कारण त्यावरचा संरक्षक लेप निघून जातो. भिंगाला पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून ते बंद चामडी पेटीत कोंडून ठेवू नये. मागची काच बसवताना तिची खरखरीत बाजू भिंगाकडे हवी.

खरी परीक्षा भात्याची. रात्री खोलीत मिट्ट अंधार करून भाता पूर्ण ताणा आणि आत विजेरी ठेवा. जिथे ठिपका चमकेल तिथे छिद्र. बहुधा ते घडीच्या कोपऱ्यावर असते. एखाददुसरे असेल तर पातळ काळे कापड रबर सोल्यूशनने चिकटवता येते. भाता पुरता गेला असेल तर गावातल्या हार्मोनियमवाल्याला दाखवा. पेटीच्या भात्याच्या घड्या ज्याच्या हातात बसल्या आहेत, त्याला हे काम समजावून सांगावे लागत नाही. फक्त दोन गोष्टी सांगा. आतली बाजू काळी आणि बिनचमकीची हवी आणि मापे जुन्या भात्यावरूनच घ्यायची. त्यामुळे जुना भाता काम होईपर्यंत टाकू नका.

प्लेटा कुठून आणायच्या, हा प्रश्न उरतो. पहिल्या फोटोसाठी त्यांची गरजच नाही. साधा ब्रोमाइड पेपर मापाने कापून लाल दिव्यात स्लाइडमध्ये बसवा. मागे पुठ्ठा द्या, म्हणजे तो हलणार नाही. हा कागद मंद असतो, त्यामुळे सावलीत भिंगाचे छिद्र लहान ठेवले तर काही सेकंद उजेड द्यावा लागतो आणि टोपणाने काम भागते. कागदावर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे उमटेल. त्याचा मोबाइलवर फोटो काढून छटा उलटल्या की सरळ चित्र हाती येते.

पहिला फोटो कोणाचा काढायचा, हे आम्ही सांगायला नको. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवा. ‘आजी, टोपण लावेपर्यंत हलू नकोस हं!’ असे म्हणा. तिने लहानपणी याच सूचनेवर श्वास रोखला असेल. त्या काही सेकंदांत ती कॅमेऱ्याकडे पाहील आणि घरातले बाकी सगळे तिच्याकडे. दिवाणखान्यातल्या लॅम्पकडे असे कोण बघत बसते?